पाच वाजून चव्वेचाळीस

उद्यमनगरात साडेपाचला शटर खाली आलं की
पाय आपसूक डावीकडं वळायचे.
एकोणीस वर्षं.
वाट पावलांनाच पाठ, ती मला कशाला विचारतील?
लेथवर सुताचा फरक न खपवणारा हात
सकाळी कपातला चहा बशीत सांडायचा.
एकदा सत्तर बुशिंगा रिजेक्ट झाल्या.
मालक काही बोलला नाही,
नुसता तो ढीग पायानं जरा माझ्याकडं सरकवला.

घरातलं सांगत नाही.
एकच सांगतो : मुलीनं शाळेच्या फॉर्मवर
वडिलांच्या व्यवसायाची जागा कोरी सोडली होती,
आणि तिचं अक्षर चांगलं आहे.

बुधवारी, शनिवारी आम्ही बसतो
महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात.
बाकं एवढीशी, गुडघे हनुवटीला.
फळ्यावर तेराचा पाढा अर्धा पुसलेला.
इंदुबाई पोवार चहाचा थर्मास आणतात;
आधी नवऱ्यासाठी यायच्या, तो गेला, तरी येतात.
फ्रान्सिस सर डोळे मिटून येशूचं नाव घेतात,
एक पोरगा देवबिव मानत नाही, तो तेवढा वेळ पंख्याकडं बघतो.
आणि दस्तगीर मुल्ला, रिक्षावाला, अकरा वर्षं कोरडा.
पहिल्या दिवशी मला म्हणाला,
"मी पिराजी, मी बेवडा, एवढंच म्हण.
फुडचं आमाला ठावं हाय."
मी म्हटलं.
छत पडलं नाही.
कुणीतरी बिस्किटाचा पुडा पुढं केला.

आज लाईट गेली म्हणून कारखाना साडेचारलाच सुटला.
रिकामा तास म्हणजे काय असतं
ते दारू न पिणाऱ्याला कसं सांगू?
बिनखांबी गणपतीपाशी उभा राहून फोन लावला :
"चाचा, जीभ कोरडी पडलीय."
पलीकडं हॉर्न, बसचा आवाज, मग तो :
"देवळात जा. किरणोत्सव हाय न्हवं आज?
गर्दीत घुसून उभा ऱ्हा. भाडं सोडतो नि आलोच."

देवळातले दिवे घालवलेले.
ऊन महाद्वारातनं आत आलं,
गरुड मंडपाच्या लाकडी खांबांमधनं सरकत
पितळी उंबऱ्यावर जरा थबकल्यासारखं,
मग चांदीच्या उंबऱ्याला लागलं.
कुणी खोकतसुद्धा नव्हतं.
मी माझ्याच शर्टाचं बटण घट्ट धरून.
पाच वाजून चव्वेचाळीस.
हीच ती वेळ. पहिला ग्लास, पाणी न घालता.
ऊन चरणांवर आलं.
मग गुडघ्यांपर्यंत.
मग पश्चिमेला कुठला ढग, का धूळ,
का कुणाचा नवा मजला,
आणि संपलं.

मंडपभर हळहळ.
शेजारच्या म्हातारीचे हात जोडलेलेच.
"आज गुडघ्यापत्तोर आली,"
दुधाचा हिशेब सांगावा तशी म्हणाली,
"उद्या बघू."

आई, तुझ्याकडं मी काय काय मागितलंय
नशेत, लोकांच्या चपला तुडवत :
उधारी फिटू दे, नोकरी टिकू दे,
मुलीची आई माहेराहून परत येऊ दे.
आज काही सुचलंच नाही.
नुसतं दिसलं की तुझंही तोंड अंधारात राहिलं
आणि तरी आरती झाली,
घंटा वाजली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत
माझे दोन हात होते.

बाहेर रिक्षा.
चाचानं काही विचारलं नाही.
गंगावेशीत म्हशी रांगेनं उभ्या,
धार सरळ ग्लासात वाजत होती.
ग्लास हातात आला नि हात थरथरला,
फेस बोटांवरनं ओघळला, कोमट.
मी ओशाळून बघितलं.

"सांडू दे की," चाचा म्हणाला,
"म्हस हितंच हाय."

ग्लास रिकामा झाला तेव्हा सात वाजले होते.
रिक्षाचं मीटर त्यानं टाकलंच नव्हतं.