गॅप

तुर्भ्याच्या दवाखान्यात हिंदुराव
पिशवीतून गुंडाळी काढतात.
अकरा वर्षांपूर्वीचा फोटो. कोपऱ्यात नाव, वय एक्केचाळीस.
खिडकीला लावून धरतात.
त्यांच्या मणक्यांमागे बटाट्याचा ट्रक
रिव्हर्स घेतोय कुणीतरी.

"गॅप हाय म्हणाले होते.
तवापासनं वाकायचं म्हटलं की
आधी गॅप आठवती, मग काय उचलायचं ते.
नवा काढा. वाढली का बघू."

मी पाय उचलायला लावते, अंगठा दाबते.
मुंग्या? ताप? लघवीला त्रास? पडलात कुठे?
नाही. नाही.
कांद्याची गोणी, पन्नास किलो, परवा पहाटे.

नको फोटो, म्हणते.
केस पिकतात तसे मणकेही पिकतात.
चालत राहा, महिन्या-दीड महिन्यात उतरेल.

ते बघतात माझ्याकडे,
काट्यावर हळूच पाय ठेवणाऱ्या
व्यापाऱ्याकडे बघावं तसे.
"न बघताच?"

कमरेवर हात ठेवते.
ताठ, गरम, सदऱ्याला गोणपाटाचा वास.
एवढंच बघणं आहे माझ्याकडे.

जाताना गुंडाळी टेबलावरच.
हाक मारते.
"ऱ्हाऊ द्या," म्हणतात,
आणि दारातून परत येतात.
"नको, द्या.
मागं पोरांनी ग्रहण बघितलं होतं यातनं."