मिठागर

डॉक्टर ओसेई पडद्यावर बोट ठेवतात: हा बघा.
राखाडी धुक्यात पांढरा ठिपका,
पाच मिलिमीटर.
एवढासा मुतखडा,
आणि काल रात्री मी बाथरूमची फरशी
चावायची तेवढी बाकी ठेवली होती.

नवरा म्हणतो, ल्युटनचं पाणीच खडूचं,
किटलीच्या बुडाशी बघ कसा थर.
डॉक्टर मान हलवतात. किटलीवर आळ नको.
खडा नळातून येत नाही, आतच जमतो.
दिवसाला पाणी किती पिता?

मी गप्प.
काय सांगू, की शेवटच्या थांब्यावर संडास नाही;
पुरुष ड्रायव्हर कुंपणामागे जाऊन येतात,
मी सकाळी सहाला एक कडक चहा घेते
आणि दोनपर्यंत तोंडाला कुलूप.
एकोणीस वर्षं.
बाटली असते सीटमागे, भरलेली.
भरलेलीच घरी येते.

ते समजावत राहतात, आणि मला
त्यांच्या इंग्रजीच्या आतून
उरणचं मिठागर दिसायला लागतं.
बाबा भरतीचं पाणी कोंडायचे,
या वाफ्यातून त्या वाफ्यात,
दर वाफ्यात पाणी कमी, खार तेवढाच.
तापू दे, म्हणायचे, घाई नको.
मग एका दुपारी, कुणाचं लक्ष नसताना,
कडेच्या खरबरीत जागेला
पहिला कण चिकटायचा.
एक बसला की बाकीचे
पंगतीला बोलावल्यासारखे.

म्हणजे हे आगर माझंच.
चहातलं ऑक्झलेट, दुधातलं कॅल्शियम
पाण्याबरोबर आपापल्या वाटेनं गेली असती.
मी पाणीच दिलं नाही.
त्यांनी एकमेकांना धरलं.

सासूबाईंनी फोनवर कुळथाचं कढण सांगितलं,
पानफुटीही सांगितली,
ती बेडफर्डशरमध्ये कुठे उगवते ते नाही सांगितलं.

चौथ्या दिवशी चहाच्या जुन्या गाळणीत
टिक् असा वाजला.
तपकिरी, काटेरी, गोखरूसारखा.
बाबांचं मीठ चौकोनी निघायचं, लख्ख.
हा माझा माल.
डबीत घालून प्रयोगशाळेत दिला.
परत देत नाहीत म्हणे.

आता शेवटच्या थांब्यावर
मी बसचं इंजिन बंद करते,
नसरीनच्या पार्लरमधून मागच्या दाराची किल्ली घेते.
परत येते तर रेडिओ खरखरत असतो:
सहा मिनिटं उशीर, कारण सांगा.

मी बाटलीचं झाकण काढते.
खरखरू दे.