घट

नारायणगावात एसटीतून उतरलो तेव्हा
टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढत होते.
मी धनकवडीहून आलेला, निवृत्त, गुडघ्याला पट्टा,
खिशात वाइनरीचं तिकीट: साडेचारशे रुपये,
पाच नमुने, वर खारे शेंगदाणे.

याच फाटकातून अठरा वर्षं मी फुकट आत जायचो.
उत्पादन शुल्क. दुय्यम निरीक्षक.
लाख, सुतळी, पितळी शिक्का.
पिंपात गज सोडायचा, इंच मोजायचे, वहीत उतरवायचे.
जिभेला कधी लावली नाही.
धर्म म्हणून नव्हे. मोजणाऱ्याने चाखू नये, इतकंच.

मृण्मयी नावाची मुलगी गटाला शिकवत होती:
पेला कलता धरा, कडेचे ओघळ बघा, आता नाक आत.
हिंजवडीच्या पोरांनी नाकं आत घातली.
कुणाला चेरी आली, कुणाला चामडं, कुणाला तंबाखू.
मला आधी काहीच आलं नाही,
मग ओलं गोणपाट आलं,
आणि मेणबत्तीवर लाख वितळताना येतो तो वास.
मी बोललो नाही. तिच्या कागदावर तो रकाना नव्हता.

हा प्रदेश जुना आहे, ती म्हणाली.
जुना म्हणजे तिने चाळीस वर्षं धरली होती.
मला नाणेघाट आठवला, वाटेवरचा तो दगडी रांजण, जकातीचा.
नोकरीला लागलो तेव्हा साहेब म्हणाले होते, तो आपला मूळपुरुष.
त्याच घाटाने कुंभ चढायचे, समुद्रापलीकडची दारू घेऊन.
जुन्नरला खणलं की त्यांची खापरं निघतात,
आणि खापर सांगत नाही
भरलं होतं किती, पोहोचलं किती.

"साहेब? तुम्ही आणि रांगेत?"
हौशीराम वारुळे. एका डोळ्यात मोतीबिंदू.
कोपराला धरून त्याने मला तळघरात नेलं,
पायऱ्या मोजत. सतरा. मीही मोजल्या.

सत्त्याण्णव साली सात नंबरच्या पिंपात
चार टक्के घट निघाली. नियमात दोन बसायची.
तो म्हणाला होता, लाकूड पितं साहेब,
उन्हाळा कडक गेला, वारासुद्धा पितो.
मी लिहिलं: खुलासा असमाधानकारक.
कंपनीने त्याच्या पगारातून कापले, अकरा महिने.
त्या वर्षी त्याची थोरली नववीतून घरी बसली.
हे मला नंतर कळलं.
किंवा तेव्हाच कळलं होतं.

त्याने बाटली काढली. लेबल कसरीने खाल्लेलं.
बूच भुसभुशीत, तुकड्यातुकड्यांनी निघालं.
चहाच्या गाळणीतून त्याने ओतली, स्टीलच्या दोन पेल्यांत.
रंग विटकरी, सही पुसट होत जाते तसा.
"सात नंबर," तो म्हणाला. "उरलेली."

आधी आंबट. मग सुकं अंजीर.
मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही,
गिळली की काय असं वाटेपर्यंत,
आणि त्या काहीच नाहीतून
जांभळाचा तुरटपणा, दातांवर, शाळेतला.

थोरली कुठे असते आता?
आळेफाट्याला. शिवणाचं दुकान आहे, म्हणाला,
आणि बुचाचे तुकडे वेचत राहिला.
मी सुरुवात केली, हौशीराम, ते सत्त्याण्णवचं...
"बाटली हलवू नका," तो म्हणाला,
"खाली गाळ बसलाय."

वर कुणीतरी हसलं. फोटो निघत असणार.
बाटलीत दोन बोटं राहिली होती.
सवयीने हात पेनाकडे गेला आणि खिशातच थांबला.
ती दोन बोटं तिथेच ठेवून आम्ही वर आलो,
बुचाशिवाय, कुठल्याच वहीत नसलेली,
रात्रीतून थोडी कमी होणारी.