चौदा नंबरचं पिंप

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासऱ्यांनी
दगडी सुरईतून ओतलेली ती बिअर मी तोंडात घेतली
आणि दात आंबले, कानशिलं आवळली.
ही बिअर? हे तर नासलेलं सफरचंद,
त्यावर घोड्याची ओली घोंगडी पिळलेली.
वरून मात्र म्हणाले, छान आहे.
ओदील हसले नाहीत. "छान नाहीये.
दीड वर्षाचीच आहे अजून. खोटं कशाला बोलतेस?"
आणि माझा उरलेला पेला स्वतः संपवला.

मी ओस्टेंडची. बापाची कोळंबीची हातगाडी, धक्क्यावर.
आमच्याकडे सगळं वासावर ठरायचं:
ताजं, कालचं, मांजराचं.
आंबट म्हणजे फेकायचं. संपलं.
इथे झेन्नेच्या खोऱ्यात माणसं आंबटासाठी
तीन तीन हिवाळे थांबतात,
रात्रीची हवा कौलांच्या फटीतून आत घेतात
आणि तिच्यावर सगळं सोपवून झोपायला जातात.
छपरातली जाळीसुद्धा झाडत नाहीत.
कोळ्यांत वाढले, कोळ्यांत येऊन पडले;
तिथले मासे धरायचे, इथले माश्या.

बारा वर्षं बाटल्या धुतल्या, लेबलं चिकटवली,
आलेल्यांना पाजलं, हिशेब ठेवले.
मी आपली कॉफी.

मग गेल्या फेब्रुवारीत, त्या मोठ्या तापानंतर,
ओदील सकाळी तळघरात गेले
आणि बराच वेळ वर आले नाहीत.
खाली गेले तर पिंपाला नाक लावून उभे.
"वेर्ले, चौदा नंबरला वास येत नाही."
मला तर जिन्यावरच येत होता.
पंधराला नाही, सोळाला नाही.
मग त्यांनी कॉफीचा डबा मागितला.
मग लसूण.
मग डिझेलचा कॅन.

वान्नेस ट्रक घेऊन रोज ब्रसेल्सला. उरले मी.

पकडीने पिंपाच्या कपाळातला खिळा उपसायचा,
बारीक धार पेल्यात, खिळा परत ठोकायचा.
"सांग."
"आंबट."
"आंबट मलाही कळतं अजून. बाकीचं सांग."

बाकीच्याला शब्द लागतात, आणि माझे सगळे
मासळीबाजारातले.
सहा नंबर: उन्हात वाळलेला दोरखंड.
सात: होडीची गंजकी कडी चाटल्यासारखं.
नऊ: बर्फ वितळून गेलेली पेटी, पण स्वच्छ धुतलेली.
जिथे चाळीस वर्षं गवत, गोठा, चामडं लिहिलं
तिथे ते खडूने माझेच शब्द लिहायचे, मुकाट्याने.
एकदाच म्हणाले,
"बंदर करून टाकलंस माझ्या तळघराचं."

जीभ वळत गेली. आवडलं म्हणून नाही,
कामाला जुंपली होती म्हणून.
पहिला घोट नुसता दातांचा, तो मोजायचा नाही.
दुसऱ्यात लाकूड येतं.
तिसऱ्यात, घाई केली नाही तर,
तुरटाच्या मागून काहीतरी सरकतं,
गोड नव्हे, गोडाची जागा;
कुणी बसून उठून गेल्यावर
खुर्ची ऊबदार राहते, तशी.
लोणचं मुरतं तेव्हा फोड मऊ होते.
हे मुरतं तेव्हा मऊ पिणाऱ्याला व्हावं लागतं.
(हे मी ओदीलना सांगितलं नाही. त्यांना
असली वाक्यं लेबलांवरही चालत नाहीत.)

चौदा नंबर शेवटी ठेवलं होतं. तिसरा हिवाळा.
मी घोट घेतला आणि गप्प राहिले.
"सांग."

दाराआड टांगलेला बापाचा एप्रन. मीठ. ओली फळी.
आणि खिशात संत्र्याची साल, मुद्दाम ठेवलेली,
घरी येताना हातांवर चोळायला,
कोळंबीचा वास जावा म्हणून.
जायचा नाही.

"संत्र्याची साल," म्हटलं.
"आणि?"
"बाकीचं माझं आहे."

ओदीलनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे.
खडूने लिहिलं: संत्र्याची साल.
खाली एक आडवी रेघ ओढली, वर काही लिहिलं नाही.
"मिसळायचं इतरांत?"
"थोडं राहू दे तसंच."

खिळा ठोकला. पेल्यात बोटभर उरली होती.
त्यांनी मागितली नाही,
मीही दिली नाही.