नऊ पावलं

दाईबाई, विचारलंत म्हणून सांगते.
हळू बोलू या. कापडाच्या भिंती,
आणि माझी सासू झोपेतही ऐकते.

दूध येतं का? येतं.
कधी उजवीकडे येतं, कधी येतच नाही.
वर ती घरघर सुरू झाली
की आत कुणीतरी मूठ आवळतं,
पोर नुसतं ओढत राहतं,
कोरड्या नळाला तोंड लावल्यासारखं.

टाके भरले. तुम्हीच घातलेत,
फोनच्या उजेडात, भूल न देता.
शेवटच्या टाक्याला तुमचा हात कापला होता.
मी पाहिलं होतं.

गुडघ्यावरची खपली? ती बाळंतपणातली नाही.
आपटले असेन कुठे.

जुमानाच्या वेळी मी शुजाइयाच्या घरात होते.
सासू दिवसभर मुगात ढवळायची,
तीळ, तूप, वर अक्रोड,
जिन्यातून जाणारे विचारायचे, मुलगा की मुलगी?
या खेपेला कुणी विचारलं नाही.
मीठ आणि तेल मात्र तिने कुठून तरी आणलं,
वाटीच्या तळाला लागेल एवढं,
आणि त्याचं अंग चोळलं,
पोर कणखर व्हावं म्हणून.

झोप? नाही.
त्याची टाळू उडते ना, ती बघत बसते.
डोळा लागलाच, तर बोट त्याच्या नाकाखाली ठेवून.

हे लिहू नका.

बाराव्या रात्री पलीकडच्या रांगेत पडलं.
मी उठले, जुमानाचा हात धरला
आणि पळाले.
पाण्याच्या टाकीपर्यंत. नऊ पावलं.
दुसऱ्या दिवशी मोजली. रोज मोजते.
नवव्या पावलाला झगा पुढून ओला झाला.
दुधाला आठवला तो.
मला नंतर.

परतले तेव्हा तो जागा होता.
रडत नव्हता. पापण्यांवर वाळू,
आणि माझ्याकडे बघत होता
जणू आमची ओळख अजून
कुणी करून द्यायची आहे.

मुअतसिमला वाटतं, मी आतच होते,
त्याच्यावर पालथी.
चार माणसांत सांगतो, माझी बायको वाघीण आहे.
तो सांगायला लागला की
मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते.

आता ओढणीने त्याला पोटाशी बांधून निजते.
सासू हसते, म्हणते,
मूल काय पळून जाणार आहे?
मूल नाही, अम्मा.

तुमच्या कार्डावर नुसतं ‘मुलगा’ आहे.
नाव असतं, तर त्या रात्री
तोंडातून आपोआप हाक निघाली असती,
असं कधी वाटतं.
कधी वाटतं,
विसरणारीने नाव ठेवायचं तरी कुठल्या तोंडाने?

तुम्ही पेनाला टोपण लावलंत.
आता म्हणाल, होतं असं, सगळ्यांना होतं.
नका म्हणू.

पण तुम्ही विचारलंत,
‘आणि परत येताना किती?’

परत येताना?
ती मी मोजलीच नाहीत, दाईबाई.

जुमाना दाराशी वाळूत रेघा ओढत होती.
मला वाटायचं, तिला काही आठवत नाही.
मान वर न करता म्हणाली,
‘चार.
मग आई पडली.
मग गुडघ्यांवर.’

तुम्ही काहीच बोलला नाहीत.
माझा हात खपलीवर गेला.
कडेला सुटत आली आहे,
खाजते.

पोराला उचकी लागली आहे, थांबा.
कशी थांबवायची, ते हातांना ठाऊक आहे.

उद्या चाळिसावा.
पाणी मिळालं तर न्हाईन.
घरघर चालूच आहे, तुम्हालाही ऐकू येतेय ना?
मला एकटीला तर नाही?

नावाची ओळ राहू दे कोरी.
पेन मात्र
इथे ठेवून जा.