जस्ताची वडी

रात्रीचे दोन. हा तिसरा फेरा.
मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी उभा राहतो मी
आणि वाट बघतो,
भरतीच्या आशेवर चिखलात बसलेल्या बार्जेसारखी.
थेंब. मग काही नाही. मग थेंब.
समोर झुआरी, आणि तिच्यात
खाणी बंद पडल्यापासून नांगरून ठेवलेली तीन धुडं.
त्यातल्या दोघींना रंग माझ्या हातचा.

एकतीस वर्षं गंज काढला, रासईच्या गोदीत.
गंज काढणं म्हणजे ब्रश फिरवणं नव्हे.
आधी हातोडी. टोकाने ठोकत जायचं, कान लावून.
चांगला पत्रा खणखणतो,
आतून खाल्लेला बद्द वाजतो,
वरचा रंग कितीही तुकतुकीत असो.
रुझार फोरमन म्हणायचा,
डोळे घरी ठेव, सगुणा, कान घेऊन ये.

बांबोळीची डॉक्टरीण माझ्या धाकटीच्या वयाची.
हातमोजा चढवत म्हणाली,
कुशीवर व्हा काका, गुडघे पोटाशी घ्या.
भिंतीवर पाल होती. मी पालीकडे बघत राहिलो.
तिचं बोट आत चाचपत होतं
आणि मान जराशी कललेली, ऐकत असल्यासारखी.
शरमेने मरायला हवं होतं.
पण मी काम ओळखलं.

मग कागदावर चित्र.
अक्रोडाएवढी असते ही, म्हणाली.
अक्रोड आम्ही कधी फोडला? सुपारी म्हणा.
हसली. तर तुमची सुपारी आता लिंबाएवढी झालीय,
आणि मधली नळी आवळलीय तिने.

कशाने?
वय, म्हणाली. सूज. आणि थोडा श्वासही.
जो प्राणवायू आपण ओढतो
त्यातला काही एका इलेक्ट्रॉनने उणा राहून सुटतो,
भुकेला,
आणि शेजाऱ्याचा ओरबाडतो.
शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा.
पेशी हे रोज निस्तरत असते.
उतारवयात निस्तरणारे हात अपुरे पडतात,
आणि जखम झिरपत जाते पार बीजातल्या अक्षरांपर्यंत.
कोणाची नुसती फुगते, कोणाची बिघडते.
नेमकं कसं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.

गंज, मी म्हटलं.
ती थांबली.
जवळपास, म्हणाली.

मग मी तिला वड्यांचं सांगितलं.
बार्जेच्या तळाला, पाण्याखाली,
जस्ताच्या वड्या जोडतो आम्ही, वीतभर लांबीच्या.
खारं पाणी लोखंड सोडून आधी जस्त खातं.
दोन वर्षांनी बार्ज वर ओढली की
वडी उंदराने कुरतडलेल्या साबणासारखी,
पत्रा शाबूत.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं.
ह्या ग्रंथीतही जस्त असतं काका, भरपूर,
बाकी अवयवांत सापडत नाही इतकं.
बिघडू लागली की ते उतरतं.
बदला मग वडी, मी म्हटलं.
नाही बदलता येत. गोळ्यांनी भरून बघितलंय लोकांनी.

बिडी तेवढी सोडायला लावली तिने.
बाकीचं गाव सांगतं.
कार्मेलिना कुंपणावरून टोमॅटो देते,
शेवंती दोन वेळा सोलकढी वाटीने नव्हे, तांब्याने पाजते,
आणि मी पितो, आणि पुन्हा उठतो.

सुईने बारा तुकडे काढून नेले आहेत.
रिपोर्ट गुरुवारी.

आत कॉट करकरते. शेवंती कूस बदलते आहे,
म्हणजे तीही तिसऱ्यांदा जागी.
तीस वर्षांत तिच्या हाताची कातडी
किती पातळ झाली, परवा बांगडी चढवताना दिसलं.

थेंब पडतो सुक्या चुडतावर.
नदीत ओहोटी वळते, साखळी ताणते,
आणि तिघींपैकी कोणाच्या तरी कुशीवर आदळते.
मी कान लावतो.
इतक्या लांबून
खणखणीत की बद्द, सांगता येत नाही.