पूर्वीपासूनचे आजार

मन्मथनं हेल्मेट काढायच्या आधीच
चार माहितीपत्रकं कट्ट्यावर मांडली.
निळं, हिरवं, केशरी, आणि एक
ज्याच्यावर पांढऱ्या केसांचं जोडपं
समुद्राकडे धावत निघालंय.
महानंदा म्हणाली, यांना गुडघे नाहीत वाटतं.

उदगीरला समुद्र नाही.
चौबारा आहे, किल्ला आहे,
आणि दूध भुकटीचा बंद कारखाना,
जिथे मी एकवीस वर्षं
बॉयलरचा दाब वहीत लिहिला.
आता माझा दाब महानंदा लिहिते,
कॅलेंडरच्या मागे, शिसपेन्सिलीनं,
सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा.

मन्मथ सांगत गेला:
हिच्यात खोलीभाड्याला मर्यादा नाही,
पण बिलाचे वीस टक्के तुमचे.
हिच्यात तुमचे काहीच नाहीत, पण हप्ता...
तो आकडा त्यानं बोलून नाही दाखवला,
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
आमच्या दोन पेन्शनी त्या आकड्यापुढे
उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या राहिल्या.

आणि पूर्वीपासूनच्या आजारांना
तीन वर्षं थांबावं लागतंय.
कुणी?
तुम्ही, काकू.
मग आजाराला सांगितलंय का कुणी तसं?

मन्मथ हसला. मग आवाज उतरवून म्हणाला,
शुगर लिहायचीच कशाला,
कोण बघायलंय.

महानंदानं हाळीच्या उपकेंद्रात
तीस वर्षं बाळांची वजनं लिहिली.
दोन किलोच्या पोराला अडीच लिही म्हणणारे
साहेब तिनं पाहिलेत.
काय लपवायलास बाबा, एवढंच म्हणाली
आणि आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आली.

माझा जुना ईसीजी,
रेघा उडून कोरा झालेला;
माझ्या मुतखड्याचा फोटो,
तिच्या पिशवीच्या ऑपरेशनचा कागद,
सगळ्यात खाली
एक पांढरं पाकीट, लातूरच्या लॅबचं.
ते मी कधी पाहिलं नव्हतं.

गाठ होती. साधी निघाली.
तुम्ही तेव्हा लेकीकडं होता, बिदरला.

मी बिदरहून तिला काय आणलं होतं
ते आठवत बसलो.
एक स्टीलचा डबा.
त्याचं झाकण नीट बसत नव्हतं
म्हणून आठ दिवस कुरकुर केली होती मी.

मन्मथनं पेनाला टोपण लावलं.
पुन्हा काढलं.
लिहू का, काकू?
लिही की. तारीख पण लिही.

रात्री विरूपाक्षचा फोन आला, पुण्याहून.
आप्पा, इकडची मोठी हॉस्पिटलं असलेली घ्या,
काही झालं तर इकडंच यायचंय ना.

यादी मी वहीत उतरून घेतली होती.
पुण्याची पाच पानं.
लातूरची सहा नावं.
उदगीरचं एक, तेही डोळ्यांचं.
पुण्यात त्याचं घर आठ वाजता रिकामं होतं,
जेवण मोबाईलवरून येतं.
लातुरात कलावती आहे, हिची बहीण,
सत्तरीत तिची भाकर अजून पातळ होते,
आणि दवाखान्यात डबा न्यायचा म्हटलं की
ती आधी लसूण सोलायला घेते.

लातूर, मी म्हणालो.
पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज आला.
मग, बरं. अर्धा हप्ता मी भरतो.
त्याला नको म्हणायला
तोंड उघडलं होतं मी,
महानंदानं माझ्या हातावर हात ठेवला.

सकाळी फॉर्मवर सह्या झाल्या.
वारसाच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं
आणि तिनं माझं.
मन्मथ गेल्यावर तिनं दाब घेतला,
एकशे शेहेचाळीस, नव्वद,
कॅलेंडर उलटं केलं, आकडा टाकला,
त्याखाली एक आडवी रेघ ओढली.
इथून तीन वर्षं, म्हणाली.
एवढं लांबचं कॅलेंडर कुणी छापत नाही.

मी म्हणालो,
पुढच्या वेळी पाकीट आलं तर मला दाखवायचं.

पट्टा माझ्या दंडावरून सोडवत
ती म्हणाली,
पुढच्या वेळी तुम्ही बिदरला जाऊ नका.